वाटणीचा कागद

चि. मृणाल हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा कंपनीच्या करारनाम्याचा मसुदा, दोन्ही लक्षपूर्वक वाचले. महाविद्यालयात एकत्र आलेल्या तुम्हां चौघांची गाणी आता पुण्याबाहेरही ऐकली जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु कंपनीच्या अटींविषयी तू पानेच्या पाने लिहिलीस आणि तुमच्या आपसांतील व्यवस्थेविषयी मात्र, नव्या गाण्यावर कोणाचे नाव घालावे यावरून थोडी कुरबूर झाली, एवढेच एक वाक्य शेवटी जोडलेस. भागीदारीचे दस्त लिहिण्यात आणि मोडलेल्या भागीदाऱ्यांचे दावे चालविण्यात ज्याची हयात गेली, त्याला तुझ्या साऱ्या पत्रात तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले.

तू शाळेत असताना ज्यांच्या ध्वनिमुद्रिका माझ्याकडे येऊन ऐकत असस, त्या आर. ई. एम. या अमेरिकन बँडचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जॉर्जिया संस्थानातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा पीटर बक आणि त्या दुकानात वारंवार येणारा चित्रकलेचा विद्यार्थी मायकेल स्टाइप यांचा स्नेह जडला. शालेय वयापासून एकत्र वाजविणारे माइक मिल्स आणि बिल बेरी त्यांना येऊन मिळाले. आणि ५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या, वापरातून गेलेल्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसानिमित्त, या चौघांनी आपला पहिला कार्यक्रम केला. पुढील वर्षी एका लहानशा कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. त्या काळात जुन्या व्हॅनमधून दक्षिणेकडील गावोगाव हिंडताना जेवणाखाणास माणशी दिवसाला दोन डॉलर एवढाच खर्च मंजूर असे. चौघांनीही पुढे शिक्षण अर्धवट सोडले. त्या बाबतीत त्यांचे अनुकरण तू करू नयेस, असे मला स्पष्ट वाटते.

१९८२ साली त्यांनी आय. आर. एस. या स्वतंत्र कंपनीशी करार केला. पहिल्या पूर्ण अल्बमसाठी कंपनीने सुचविलेल्या निर्मात्याने एकच गाणे पुनःपुन्हा वाजवून घेतले आणि वर त्यात सिंथेसायझरचे सूर मिसळले, तेव्हा या चौघांनी एकमताने नापसंती कळविली आणि मिच ईस्टर व डॉन डिक्सन या आपल्या पसंतीच्या माणसांकडे ध्वनिमुद्रण सोपवून घेतले. त्यातून १९८३चा ‘मर्मर’ झाला. एकमताने हा शब्द येथे मी जाणूनबुजून वापरतो. कारण या मंडळींत प्रत्येकास समान मत होते, कोणाही एकाचा नकार निर्णय थांबविण्यास पुरेसा होता, आणि गाणे कोणाच्याही डोक्यातून निघालेले असो, त्यावर बेरी, बक, मिल्स, स्टाइप अशी चौघांची नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने पडत. बर्टिस डाउन्स नावाचा, त्याच विद्यापीठात कायदा शिकलेला त्यांचा स्नेही आरंभापासून अखेरपर्यंत त्यांचा कायदेशीर सल्लागार राहिला, याचे माझ्या पेशामुळे मला विशेष अप्रूप वाटते.

तू ड्रम्स वाजवतेस, म्हणून एक गोष्ट तुला विशेष सांगतो. ‘एव्हरीबडी हर्ट्‌स’ हे १९९२च्या अल्बममधले गाणे मुख्यतः बिल बेरीच्या हातून आकारास आले, आणि तो त्यांचा ड्रमवादक. आता ते गाणे पुन्हा लावून नीट ऐक : बराच वेळ तालासाठी एका साध्या यंत्राचा ठोका तेवढा चालू राहतो, ज्याने गाणे आणले, त्याच्या वाद्याला त्यात जागा जवळजवळ नाही. ज्या माणसास आपला हिस्सा आपल्या वाद्याच्या आवाजावर अवलंबून नाही याची खात्री असते, तोच गाण्याला हवे ते देऊन स्वतः मागे सरू शकतो. समान वाटणीने तंटे टळतात हे कोणताही वकील सांगेल. तिने संगीत सुधारते, हे मी या गाण्यावरून म्हणतो.

१ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे चालू कार्यक्रमात बेरीच्या मेंदूतील रक्तवाहिनीस इजा झाली. तो त्यातून बरा झाला, परंतु १९९७ साली त्याने निवृत्त होण्याचा मनोदय सांगितला, आणि तोही या अटीवर की आपल्या जाण्याने बँड मोडणार असेल तर आपण जाणार नाही. तो शेतीकडे वळला. जुन्या गाण्यांवरील त्याचे नाव जसेच्या तसे राहिले. उरलेले तिघे २०११च्या सप्टेंबरपर्यंत वाजवीत राहिले आणि मग सलोख्याने थांबले.

आता तुमच्या मसुद्याविषयी. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे हक्क लिहून देताना मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरताच हक्क दिला असे मानले जाते. तुमच्या मसुद्याच्या तिसऱ्या कलमात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द याच कारणाने आले आहेत. त्यांच्या जागी ठराविक मुदत व ठराविक प्रदेश घालण्याचा आग्रह धरा. त्याच कलमात रॉयल्टीवरील सर्व हक्क सोडल्याचे कबूल करून घेतले आहे. परंतु २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील आपला बरोबरीचा हिस्सा कंपनीस असा सोडून देता येत नाही. मात्र हे संरक्षण कर्ता म्हणून ज्याचे नाव आहे त्यालाच मिळते, आणि म्हणून सारा प्रश्न फिरून तुमच्या त्या कुरबुरीपाशीच येतो.

तेव्हा कंपनीस उत्तर पाठविण्यापूर्वी तुम्ही चौघे एके ठिकाणी बसा. गाण्यांची मालकी, कार्यक्रमांचे उत्पन्न, वाद्ये व इतर सामान यांचा खर्च, बँडचे नाव कोणाचे, एखादा बाहेर पडल्यास त्याचा हिशेब कसा चुकता करावयाचा, हे सारे मराठीत, साध्या शब्दांत लिहून काढा. शब्द लिहिणारा मुलगा जास्त हिस्सा मागत असेल तर त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्या, पण समान वाटणीचा आग्रह सोडू नका, आणि तो तू स्वतः धर. कच्चा कागद मला धाडलास की आठवड्याच्या आत रीतसर दस्त करून पाठवितो. स्टँपपेपर येथूनच घेईन. सह्या चौघांच्याही हव्यात, साक्षीदार दोन पुरेत. ताईला व भाऊजींना नमस्कार सांग.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मामा