न्यूट्रिनो, खडक आणि एक शंका

आपल्या जिल्ह्यातील लोणारचे सरोवर सर्वांच्या परिचयाचे आहे. आकाशातून आलेल्या उल्केने काळ्या कातळात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर पाडले आणि ती तेथेच संपली. त्याच कातळातून क्षणोक्षणी असंख्य न्यूट्रिनो कण आरपार जातात. मागे खूणही राहत नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी या कणाविषयी वाचताना जो प्रश्न मोलाचा वाटला, तो येथे मांडतो.

या संशोधनात भारताचा वाटा मोठा आहे. 1965 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह, कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद केली.

न्यूट्रिनोचे प्रकार तीन: इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ. प्रवासात एक प्रकार दुसऱ्यात बदलतो. यालाच दोलन म्हणतात. प्रत्येक प्रकार म्हणजे निरनिराळ्या वस्तुमानांच्या तीन लहरींचे मिश्रण. पुढे जाताना या लहरींचे पाऊल जुळेनासे होते व मिश्रण पालटते. 1998 साली जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने याचा भक्कम पुरावा दिला.

वाटेत खडक असला तर? पावसाळ्यात काळ्या रानातून तिघे चालले असता एकाच्याच पायाला चिखल अधिक चिकटावा, तसे येथे घडते. पदार्थातील इलेक्ट्रॉनांचा जादा प्रभाव इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोवरच पडतो. हे 1978 साली वोल्फेन्स्टाईन यांनी दाखविले. पदार्थाशी होणाऱ्या एखाद्या वेगळ्या आंतरक्रियेनेच न्यूट्रिनोचा प्रकार बदलत असेल काय, हा विचारही त्यांनी त्याच लेखात केला होता. अशा अपरिचित आंतरक्रियांना आज 'अप्रमाण आंतरक्रिया' म्हणता येईल.

शंका येथेच आहे. न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या दोलनात मूलभूत फरक आढळला, तर विश्वात प्रतिद्रव्य न उरता द्रव्यच का उरले, या कोड्यावर प्रकाश पडू शकेल. परंतु अप्रमाण आंतरक्रियाही तसाच फरक भासवू शकतात. मग खडकाचा गुण आपण कणाच्या माथी मारू!

यावर उपाय तुलनेचा. जपानच्या टी-टू-के प्रयोगातील वाट 295 किलोमीटरची, तर अमेरिकेच्या नोव्हा प्रयोगातील 810 किलोमीटरची. म्हणून दुसरीत खडकाचा प्रभाव अधिक. 2020 साली दोहोंच्या निष्कर्षांत थोडी तफावत दिसली, तेव्हा काही अभ्यासकांनी या आंतरक्रियांकडे बोट दाखविले. मात्र ती तफावत निर्णायक नव्हती.

तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात योजलेल्या भारतीय वेधशाळेतील चुंबकित लोखंडाचा शोधक न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो वेगळे ओळखू शकला असता. 2015 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी देऊनही स्थानिक विरोध व परवानग्यांचे प्रश्न यांमुळे तो उभा राहिला नाही.

आम्हां साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही रीत परकी नाही. एकाच पोथीवरून मूळ पाठ कोणता आणि लेखनिकाची भर कोणती, हे सांगता येत नाही. अनेक पोथ्या ताडून पाहाव्या लागतात. निसर्गाची पोथीही तशीच वाचावी लागते.