गरम झाल्यावर डोझरचं ऑइल प्रेशर का उतरतं?

प्रश्न : आमच्या जुन्या चेन डोझरवर जमीन सपाटीकरणाची कामं करतो. सकाळी ऑइल प्रेशर छान असतं. तासाभरानंतर रेस सोडली की काटा जवळजवळ शून्यावर येतो. एक मिस्त्री म्हणतो, इंजिन खोला. दुसरा म्हणतो, जाड ऑइल घाला नाहीतर व्हॉल्व्हची स्प्रिंग कसा. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, जि. जालना

उत्तर : इंजिन लगेच खोलू नका, पण काम आजच थांबवा. क्रँकशाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. तो थर तुटला, तर बेअरिंग जळायला काही मिनिटं पुरतात.

पंप फक्त ऑइल ढकलतो. ऑइलला अडथळा होतो म्हणून प्रेशर तयार होतं, जसं नळीच्या तोंडावर बोट धरल्यावर होतं. इंजिनात हा अडथळा म्हणजे बेअरिंगमधली फट. ती दुप्पट झाली, तर तेवढ्याच प्रेशरला आठपट ऑइल निसटतं. त्यात ऑइल तापून पातळ होतं : 40 ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा 40 अंशांवर 100 सेंटीस्टोक्सच्या पुढे असतो, 100 अंशांवर तो 12.5 ते 16.3 इतकाच उरतो. म्हणून गरम इंजिनात काटा थोडा उतरणारच. किती चालेल, ते मॅन्युअलमध्ये पाहा.

तपासणी स्वस्तातून महागाकडे न्या.

आधी खात्रीचा दुसरा गेज लावा. डोझरच्या हादऱ्यांनी जुने गेज खोटं बोलू लागतात.

मग डिपस्टिक काढा. पातळी आपोआप वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टर किंवा डिझेल पंप गळतो आहे. ऑइल दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलं आहे.

जुना फिल्टर कापून घड्या उलगडा. तांबूस चकाकणारे कण म्हणजे बेअरिंगचा वरचा थर झिजल्याची खूण.

नंतर रिलीफ व्हॉल्व्ह काढून धुवा. कचरा अडकून तो अर्धवट उघडा राहिला, तर थंड इंजिनातही प्रेशर कमी दाखवतं. सक्शनची जाळी तुंबली किंवा पाइपचं पॅकिंग हवा ओढू लागलं, तरी तसंच होतं. फक्त चढ-उतारावर काटा पडत असेल, तर पातळी पाहा. चेंबरच्या एका टोकाचं ऑइल दुसरीकडे नेणारा वेगळा पंप काही डोझरमध्ये असतो, तोही पाहा.

तुमचं प्रेशर थंडपणी चांगलं आहे. म्हणून डिझेल मिसळलेलं ऑइल आणि झिजलेली बेअरिंग यांच्यावर माझा पहिला संशय आहे. अशा वेळी स्प्रिंग कसून काहीच साधत नाही, कारण कमी प्रेशरला रिलीफ व्हॉल्व्ह बंदच असतो. जाड ऑइलानं काटा वर दिसेल, पण फट तेवढीच राहील आणि सकाळी ऑइल बेअरिंगपर्यंत उशिरा पोचेल.

ऑइल आणि फिल्टर बदलूनही काटा उतरला, तर पोटाखालचं गार्ड आणि चेंबर काढून एक मेन आणि एक बिग एंड कॅप खोला. प्लास्टिगेजची पट्टी ठेवून, ठरल्या टॉर्कनं कॅप कसून फट मोजा. शाफ्टवर ओरखडे नसतील आणि शाफ्टचं माप मर्यादेत असेल, तर नुसती बेअरिंग बदलून भागतं. ओरखडे असतील, तर ग्राइंडिंग करून 0.25 मिलीमीटर अंडरसाइज बेअरिंग घालावी लागतात. इंजिन पूर्ण खोलायचं की नाही, हे त्या मोजमापावरून ठरवा.