दुकानाचा राऊटर : आत येण्याची वाट आणि तिची नोंदवही

पुण्यातील आमच्या बऱ्याच व्यापारी बांधवांचा पसारा आता एका ठिकाणी राहिलेला नाही. दुकान नाना पेठेत किंवा रविवार पेठेत, गोदाम उरुळी देवाचीकडे, राहणे कोंढव्यात आणि हिशोब तपासणारे सी.ए. तिसऱ्याच टोकाला. दुकानातील संगणकावरचा टॅली रात्री घरबसल्या पाहता यावा, गोदामातील माल तिथूनच चढवता यावा, ही गरज रास्त आहे. पण ती भागवण्याची जी पद्धत सर्रास चालते, ती घातक आहे. इंटरनेट जोडणारा मुलगा राऊटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे पोर्ट उघडून देतो, दुकानाचा संगणक घरून दिसू लागतो आणि मालक खूश होतो. हे पोर्ट साऱ्या जगाला उघडे असते, हे त्याला कोणी सांगत नाही. अशी उघडी पोर्टे शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. पासवर्ड सापडला की सगळा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते, आणि मग ऐन मार्चअखेरीस उधारीची यादीही हाती राहत नाही.

मोठ्यांचेही यातून सुटलेले नाही. १९०६ साली स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक पुण्याचीच. शनिवार ११ ऑगस्ट २०१८ रोजी तिच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली. २८ देशांतून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्टमार्गे आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या घरात गेली. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. कोणत्या कार्डावर, कोणत्या एटीएममधून, किती वाजता पैसे निघाले, याच्या नोंदी नसत्या तर या माणसांपर्यंत पोहोचता आले नसते. आत येण्याची वाट बंदिस्त हवी आणि आत कोण आले याची नोंद हवी, या दोन्ही गोष्टी दुकानाच्या राऊटरवर करता येतात. आज त्याचाच धडा घेऊ.

प्रथम वाट. व्हीपीएन म्हणजे उघड्या रस्त्यातून नेलेला बंद बोगदा. घरच्या संगणकापासून दुकानाच्या राऊटरपर्यंत सर्व मजकूर सांकेतिक होऊन जातो आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच राऊटर आत घेतो. मात्र काम सुरू करण्यापूर्वी राऊटरचा मूळ पासवर्ड बदला, कंपनीने दिलेले नवे फर्मवेअर चढवा आणि बाहेरून राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची सोय बंद करा. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्राम उघडकीस आला, तेव्हा ५४ देशांतील किमान ५ लाख यंत्रांत तो शिरलेला होता, आणि त्यांत बहुतेक घरगुती व लहान दुकानांतले राऊटर होते.

यानंतर राऊटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी किंवा १० ने सुरू होत असेल, तर तो पत्ता तुमचा एकट्याचा नाही. इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवले आहे आणि बाहेरून येणारा बोगदा तुमच्या दारापर्यंत पोहोचणारच नाही. अनेकांचे दोन-दोन दिवस याच एका कारणाने वाया जातात आणि दोष मात्र राऊटरला दिला जातो. कंपनीकडे कायम आयपी पत्ता मागावा. त्याचे वेगळे पैसे लागतात, पण हा खर्च टाळू नये.

दुसरी अडचण याहून फसवी आहे. बहुतेक राऊटर कारखान्यातून १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ या पत्त्यांच्या मालिकेवर येतात. घरी तीच मालिका आणि दुकानातही तीच, मग बोगदा जुळला तरी टॅलीचा संगणक सापडत नाही, कारण घरचा संगणक त्याला घरातच शोधत बसतो. दुकानाची मालिका बदलून १९२.१६८.३७ अशी काहीतरी अनवट ठेवा, गोदामाची ४७ ठेवा. प्रिंटर व कॅमेऱ्याच्या यंत्राचे पत्तेही त्याबरोबर बदलावे लागतील, म्हणून हे काम दुकान बंद असताना करावे.

राऊटरमध्ये व्हीपीएनचे तीन-चार प्रकार दिलेले असतात. त्यांतला पीपीटीपी सर्वांत सोपा, पण त्याच्याकडे बघूही नका. त्याची पासवर्ड तपासण्याची पद्धत एका दिवसात फोडता येते, हे २०१२ सालीच दाखवून झाले आहे. एलटूटीपी घ्यायचा तर आयपीसेकसह घ्या आणि सामाईक किल्ली लांबलचक ठेवा. दुकानाचे नाव व मोबाईल नंबर ही काही किल्ली नव्हे. ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड हे दोन आमच्या मते उत्तम. वायरगार्ड वेगवान व सुटसुटीत आहे, पण तो नोंदींच्या बाबतीत जवळजवळ मुका आहे. कोण कधी आले आणि कधी गेले, हे तो आपणहून लिहीत नाही. ज्यांना हजेरीपट हवा त्यांनी ओपनव्हीपीएन घ्यावा, किंवा वायरगार्डच्या बोगद्यातून येणाऱ्या प्रत्येक नव्या जोडणीची नोंद करण्याचा नियम फायरवॉलमध्ये घालावा.

खाते मात्र प्रत्येकाचे वेगळे हवे. मालकाचे एक, मुनीमजींचे एक, सी.ए.च्या कार्यालयाचे एक. सर्वांना एकच पासवर्ड दिला तर नोंदवहीत एकच नाव दिसेल आणि तिचा उपयोग शून्य. सी.ए.ला टॅलीचा संगणक दिसावा, कॅमेऱ्यांचे यंत्र दिसण्याचे कारण नाही. तसा नियम फायरवॉलमध्ये घालता येतो. नोकरी सोडून जाणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. यात अविश्वास मानू नये, गल्ल्याची किल्ली आपण परत घेतोच ना! हे सर्व जमले की ते जुने ३३८९ चे पोर्ट आठवणीने बंद करा. बोगदा बांधला आणि जुनी खिडकी उघडीच राहिली, असे पुष्कळ ठिकाणी असते.

आता नोंदवही. उधारीचा मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, तो लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, हे सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीतून आपल्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. संगणकाच्या जगात ही चोपडी लिहिणाऱ्या पद्धतीला सिसलॉग म्हणतात. कॅलिफोर्नियातील बर्कले येथील एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या टपाल-प्रोग्रामसाठी ती तयार केली आणि पुढे जवळजवळ प्रत्येक राऊटरने ती उचलली. प्रत्येक नोंदीला ० ते ७ असा दर्जा असतो. आकडा जितका लहान, तितकी बाब गंभीर. व्हीपीएनची ये-जा साधारणपणे ६ दर्जाच्या, म्हणजे माहितीवजा नोंदींत येते, म्हणून राऊटरला ६ पर्यंतचे लिहायला सांगा. ७ चा दर्जा दुरुस्ती करणाऱ्यांसाठी आहे. तो चालू ठेवला तर कामाची ओळ कचऱ्यात हरवते.

राऊटर या नोंदी आपल्या तुटपुंज्या स्मृतीत ठेवतो. वीज गेली की सगळे पुसले जाते आणि जागा भरली की जुने जाऊन नवे येते. म्हणून रिमोट सिसलॉग हा पर्याय चालू करून त्यात दुकानातल्याच एखाद्या सतत चालू असणाऱ्या संगणकाचा पत्ता द्यावा. जुन्या संगणकावर लिनक्स आणि आरसिसलॉग टाकले तरी भागते. नोंदी यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टावरून जातात. त्या सांकेतिक नसतात आणि पोहोच-पावतीही मिळत नाही. तेव्हा गोदामाच्या राऊटरच्या नोंदी दुकानात आणायच्या असतील तर त्या बोगद्यातूनच आणाव्यात, उघड्या इंटरनेटवरून नव्हे. नोंदींचा संगणक टॅलीचाच नसावा. चोर ज्या खोलीत शिरला त्याच खोलीत चोपडी ठेवून काय उपयोग?

घड्याळ जुळवणे लहान काम वाटते, पण त्यावाचून सारे फोल आहे. वीज जाऊन आल्यावर काही राऊटर १ जानेवारी १९७० पासून वेळ मोजू लागतात. राऊटर, टॅलीचा संगणक आणि कॅमेऱ्याचे यंत्र या तिघांनाही एनआयसीच्या वेळ-सर्व्हरवरून वेळ घ्यायला लावा आणि भारतीय वेळ, म्हणजे साडेपाच तास पुढे, निवडा. ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत असे घड्याळ जुळवणे, १८० दिवसांच्या नोंदी भारतात जपणे आणि हल्ला कळताच ६ तासांच्या आत कळवणे सांगितले आहे. लहान दुकानदाराने कायद्याचा कीस न काढता १८० दिवस हाच हिशोब धरावा.

आठवड्यातून एकदा, जुम्याच्या सुट्टीत म्हणा, पंधरा मिनिटे नोंदी चाळाव्यात. अनोळखी पत्त्यांवरून फसलेले प्रयत्न दिसतील, त्यांनी घाबरू नये. रात्री तीन वाजता यशस्वी झालेली जोडणी, दुकानात बसलेल्या मुनीमजींच्या नावाने त्याच वेळी बाहेरून आलेली दुसरी जोडणी, कोणी न सांगता बदललेली सेटिंग आणि मध्येच दोन तासांचा कोरा भाग, या गोष्टींची चौकशी झालीच पाहिजे. एक मर्यादा मात्र पाळावी. नोंद ठेवली जाते हे नोकरांना आधी सांगावे आणि कोणी मोबाईलवर काय पाहतो याची उकरउकर करू नये. तजस्सुस, म्हणजे लोकांच्या खाजगी गोष्टी हुडकणे, सूरह हुजुरातमध्ये मना केलेले आहे.

सर्व झाल्यावर परीक्षा घ्यावी. दुकानाचे वायफाय बंद करून मोबाईलच्या इंटरनेटवरून बोगदा जोडा, एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड द्या, मग राऊटरची वीज काढून पुन्हा लावा आणि दोन्ही नोंदी दुसऱ्या संगणकावर खऱ्या वेळेसह शिल्लक आहेत का ते पाहा. आणि कधी पैसे गेल्याचे लक्षात आलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी, नोंदींच्या फाईलची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि पोलिसांनी पाहीपर्यंत राऊटर रिसेट करू नये.