काठापासून पन्नास पावले

पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला आणि पुढे घोड नदीच्या डोहांत बालपण घालवलेला कारेगावचा माणूस पाण्याला भीत नाही. आणि समुद्रावर गेल्यावर हेच त्याचे पहिले वैगुण्य ठरते. तलाठ्याच्या नोकरीत मी नदीकाठच्या मळई जमिनींचे तंटे ऐकले, पुराने वाहून गेलेल्या बांधांचे पंचनामे केले, आणि चिंचणीच्या धरणाचे पाणी कोणाच्या शेताला कोठवर लागते हे दप्तर न उघडता सांगण्याइतकी माहिती संपादन केली. परंतु ती सारी माहिती आपली हद्द सांभाळून राहणाऱ्या पाण्याची होती. पाणी उठून अंगावर चालून येते, हा प्रकार मला ऐकून ठाऊक होता, अनुभवाने नव्हे.

रांजणगावच्या कारखान्यात नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्याने कायाक नावाची, एकट्याने बसून दुपाती वल्ह्याने हाकायची प्लॅस्टिकची निमुळती होडी घेतली, आणि दोन हिवाळे आम्ही चिंचणीच्या जलाशयात पाळीपाळीने तिच्यात बसून गळाला चिलापी लावली. तेथले भोई आमच्या या थाटाकडे पाहून हसत. पण त्यांचे हसणे मनावर घेण्याइतके शहाणपण तेव्हा आम्हांपाशी नव्हते. कार्तिक शुद्ध त्रयोदशीला, एका स्नेह्याची दुसरी होडी मागून घेऊन, आम्ही दापोली तालुक्यातील अंजर्ल्याच्या किनाऱ्यावर, जोग नदीची खाडी जेथे समुद्राला मिळते त्या मुखाजवळ, उजाडता उजाडता हजर झालो.

कोकणातल्या घरात पंचांग असते ते केवळ मुहूर्ताकरिता नव्हे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीचा तास स्थूलमानाने हाती येतो: अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. हा हिशेब मला अवगत होता, इतकेच नव्हे तर आदल्या रात्री पुतण्यापुढे मी तो मोठ्या ऐटीने करूनही दाखवला होता. मात्र त्याच हिशेबाची पुढची ओळ, म्हणजे पावणेदहाला भरती पुरी झाली तर दुपारी एकच्या सुमारास ओहोटीचा ओघ ऐन जोरात असणार, आणि पौर्णिमा दोन दिवसांवर आल्यामुळे तो उधाणाचा ओघ असणार, ही ओळ मी मांडलीच नाही. आकडेमोड येणे आणि तिचा अर्थ लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे महसूल खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला निराळे सांगावे लागू नये.

सकाळी सातला पाणी असे निवांत होते की वाटावे, हा समुद्र नसून चिंचणीचाच फुगवटा आहे. शाळेच्या भूगोलात घोकलेले मतलई वारे जमिनीकडून मंद वाहत होते आणि लाटांचे माथे सपाट करीत होते. आम्ही सुखाने बाहेर पडलो. सुवर्णदुर्गाचा तट दूरवर दिसत राहील अशा बेताने खडकाळ जागी गऱ्या सोडल्या, आणि दहा वाजेपर्यंत माझ्या वाट्याला दोन तांबोश्या व एक गोबरा आला. अकराच्या सुमारास वारा फिरला. भूगोलातला दुसरा वारा, खारा, समुद्रावरून सुटला. पुतण्या म्हणाला, "काका, आता निघू या." मी म्हणालो, "एक अजून लागू दे." या एका वाक्याची किंमत पुढे अंगठ्याने आणि गुडघ्याने चुकती केली.

परतताना खाडीचे मुख ओळखू येईना. बाहेर धावणारे ओहोटीचे पाणी आणि वाऱ्याने आत ढकललेल्या लाटा एकमेकांशी भिडून वाळूच्या दांड्यावर उभ्या भिंतीसारख्या उठत होत्या. लाटेच्या उंचीच्या जवळपास खोली उरली की लाट फुटते. म्हणून खोल समुद्रात जी लाट होडीला केवळ झुलवते, तीच काठापासून पन्नास पावलांवर होडी उलथते. हे बाहेरून दिसत नाही, कारण समुद्राकडून पाहणाऱ्याला लाटेची पाठ दिसते, तोंड नव्हे. मी घाईने घुसलो. लाटेने होडीचा मागला भाग उचलला, होडी आडवी झाली, आणि काठाच्या बाजूला मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो. सुटलो असे वाटले. तोच पुढच्या लाटेने पाण्याने जड झालेली होडी माझ्या गुडघ्यावर आणून आदळली, आणि मोकळ्या लोंबणाऱ्या दोरीची गरी अंगठ्यात काट्यासकट रुतली. दोन गळकाठ्या, चाकू, चष्मा, मासळीची पिशवी, एवढा मुद्देमाल सागराने जागेवरच जप्त केला. पावती मागण्याच्या स्थितीत मी नव्हतो. अंगात तरंगजाकीट होते ते पुतण्याच्या हट्टाने, माझ्या विवेकाने नव्हे.

पुतण्या मात्र शहाणा निघाला. तो मुखापासून पुष्कळ बाजूला, लाटा फुटण्याच्या रेषेबाहेर थांबून राहिला. लाटा सारख्या येत नाहीत. काही मोठ्या एकामागून एक येतात, मग थोडा उसंतीचा काळ जातो. त्याने तीन वेळा हा फेरा मोजला, शेवटची मोठी लाट पुढे जाऊ दिली आणि तिच्या पाठीमागून, तिला न गाठता, वल्हे मारीत तो वाळूवर उतरला. गळकाठ्या त्याने आधीच आडव्या करून बांधल्या होत्या, गऱ्या डबीत बंद केल्या होत्या. होडी आडवी झालीच तर अंग काठाकडे न झुकवता लाटेकडे झुकवायचे, उलटली तर होडीच्या समुद्राकडच्या अंगाला राहायचे, होडी आणि किनारा यांच्या मध्ये कधीही नाही, आणि बाहेर ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजत न बसता काठाला समांतर पोहून त्यातून निसटायचे, हा सारा दस्तुर त्याने कोठून तरी शिकून घेतला होता. मला तो सांगावयाचे धाडस मात्र त्यास झाले नसावे. वडीलकीचा हा एक तोटा आहे.

दापोलीच्या डॉक्टरांनी गरी उलटी न ओढता पुढे सारून तिचा काटा कापला, मग ती काढली आणि धनुर्वाताची सुई टोचली. वाळूवर बसलेल्या एका वृद्ध कोळ्याने तत्पूर्वी एवढेच विचारले होते, "घरात कोणाला सांगून आलात का, किती वाजता परत येणार ते?" आम्ही कोणालाच सांगितले नव्हते. हैदराबादचे महासागर माहिती केंद्र लाटांच्या उंचीचा अंदाज आणि उधाणाचे इशारे प्रसिद्ध करते, समुद्रावरील संकटात तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आहे, भ्रमणध्वनी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गळ्याशी बांधावा, हे सर्व मला नंतर कळले, आणि त्यातले काहीही शिकण्यास एका संध्याकाळपेक्षा अधिक वेळ लागला नाही.

हे कोकणच्या प्रवाशांपुरतेच आहे, असे आमच्या भागातल्या वाचकांनी समजू नये. 21 मे 2024 रोजी कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी उजनीच्या फुगवट्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. तेथे तर खाडीही नव्हती, ओहोटीही नव्हती. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ काळे होऊ लागले की आमच्या जलाशयांवरही तीच शर्यत सुरू होते, आणि अंगात जाकीट नसलेला पट्टीचा पोहणारा तीत बहुधा हरतो.

हल्ली रविवारी सकाळी आम्ही चिंचणीला जातो ते मासे धरण्याकरिता नव्हे. छातीइतक्या पाण्यात होडी मुद्दाम उलटी करायची, खालून बाहेर यायचे, ती सुलटी करायची आणि पुन्हा तिच्यावर चढायचे, असा क्रम आहे. माझ्या वयाला चौथ्या खेपेनंतर दम लागतो. काठावरच्या भोयांनी आता हसणे सोडले आहे. त्यांच्यापैकी एकाने परवा आपल्या पोराला आमच्याकडे धाडले, आणि वर निरोप दिला की, "याला पोहता येतं, त्याचीच जरा काळजी वाटते."