दहा जणांची प्रार्थना

प्रार्थना म्हणजे मागणे, ही कल्पना आपल्या मनात सहज उभी राहते. हिब्रू भाषेत प्रार्थनेला ‘तफिल्ला’ म्हणतात. त्याच धातूपासून झालेल्या ‘प्रार्थना करणे’ या क्रियापदाचा अर्थ परंपरेने ‘स्वतःला पारखणे’ असा लावला जातो. ज्यू प्रार्थनेत याचना आहेच. परंतु ईश्वराचे स्तवन, त्याच्याविषयीची कृतज्ञता आणि आत्मपरीक्षण यांचेही तिच्यात मोठे स्थान आहे. शिवाय ही प्रार्थना जशी एकट्याची, तशीच ती समाजाची असते. या दोन अंगांतील भेद नीट समजून घ्यावयाचा असेल, तर कोलकात्याच्या ज्यू समाजाकडे पाहावे.

नित्यक्रम

श्रद्धावान ज्यू दिवसातून तीन वेळा प्रार्थना करतो : सकाळी ‘शाहरीत’, दुपारनंतर ‘मिन्हा’ आणि रात्री ‘अर्वीत’. जेरुसलेमचे मंदिर रोमनांनी इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त केले. तेथील बलिदाने बंद पडली आणि त्यांची जागा प्रार्थनेने घेतली, अशी परंपरेची धारणा आहे. म्हणूनच प्रार्थना जेरुसलेमच्या दिशेने तोंड करून करावयाची. भारतात ती दिशा पश्चिमेची होते.

या क्रमाचा गाभा दोन प्रार्थनांत आहे. ‘शेमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची घोषणा. ती सकाळी व रात्री म्हणावयाची. दुसरी ‘अमिदा’, ती उभ्याने, पावले जुळवून आणि केवळ स्वतःच्या कानी पडेल इतक्याच आवाजात म्हणतात. ती संपताच माणूस तीन पावले मागे सरतो. राजापुढून निरोप घेताना पाठ फिरवावयाची नसते, असाच तो भाव आहे.

दहांचे महत्त्व

हे सर्व एकट्याने, घरीही करता येते. परंतु काही भाग असे आहेत की, ते म्हणण्यास ‘मिन्यान’, म्हणजे किमान दहा प्रौढ व्यक्तींचा समुदाय लागतो. पारंपरिक नियमानुसार यात तेरा वर्षे पूर्ण केलेले पुरुषच मोजले जातात. सुधारणावादी पंथ स्त्रियांनाही मोजतात. दहा हीच संख्या का? वचनबद्ध भूमी पाहण्यास मोशेने बारा हेर पाठविले. त्यांपैकी दहांनी लोकांचे धैर्य खचविले, आणि त्या दहांना उद्देशून धर्मग्रंथात ‘मंडळी’ हा शब्द आला आहे. त्यावरून दहांचा समाज होतो, असे धर्मपंडितांनी ठरविले. समाजाची व्याख्या सज्जनांवरून नव्हे, तर चुकलेल्या माणसांवरून व्हावी, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

मृतासाठी म्हटला जाणारा ‘कद्दीश’ याच नियमात येतो. तो मुख्यतः अरमाइक भाषेत आहे आणि त्यात मृत्यूचा उल्लेखही नाही; आहे तो केवळ ईश्वराचा गौरव. शोकमग्न मनुष्य तो म्हणतो आणि उपस्थित मंडळी ‘आमेन’ म्हणून त्याला साथ देतात. ही साथ देणारे नसतील, तर कद्दीश म्हणता येत नाही.

कोलकात्याची प्रार्थनामंदिरे

कोलकात्यात शालोम कोहेन हे अलेप्पोचे व्यापारी १७९८ मध्ये आले. त्यांच्यामागून बगदाद व परिसरातील कुटुंबे आली आणि व्यापारात भरभराटली. १८५६ मध्ये पोलॉक स्ट्रीटवर ‘बेथ एल’ उभे राहिले. १८८४ मध्ये एलियास डेव्हिड एझरा यांनी पित्याच्या स्मरणार्थ ‘मागेन डेव्हिड’ बांधले. लाल विटांची ही भव्य वास्तू आणि तिचे उंच शिखर आजही दिसते. परंतु १९४७ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएल, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया येथे गेली. आज अगदी मोजकी माणसे उरली आहेत. मागेन डेव्हिडचा जीर्णोद्धार होऊन ते २०१७ मध्ये पुन्हा खुले झाले. मूळच्या ओडिशातील मुसलमान कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या या मंदिरांची देखभाल केली आहे. दिवे आहेत, आसने आहेत. दहा जण मात्र जमत नाहीत. बाहेरगावचे पाहुणे आले, तरच कधी संख्या पूर्ण होते.

कोकणातील उदाहरण

याच्या नेमकी उलट परिस्थिती कोकणात होती. तेथील बेने इस्राएल समाजाची घरे गावोगावी विखुरलेली होती. तेलाचा घाणा चालविणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यापाशी प्रार्थनामंदिर नव्हते, आणि हिब्रूचे ज्ञानही लोपले होते. तरी ‘शेमा’ त्यांच्या मुखी राहिला. सुंता असो की विवाह, प्रत्येक प्रसंगी ते तोच म्हणत. पुढे १७९६ मध्ये सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. एका वाक्यावर तगलेल्या समाजाला आपली प्रार्थना आपल्या भाषेत समजू लागली.

कोकणात मंदिराशिवाय प्रार्थना टिकली. कोलकात्यात मंदिर टिकले, पण समुदाय विरळ झाला. या दोहोंवरून एक गोष्ट स्पष्ट होते. एकटा ज्यू माणूस ईश्वराची स्तुती करू शकतो, त्याच्याजवळ आपले दुःख बोलू शकतो. पण आपल्या मृतांसाठी कद्दीश म्हणावयास त्याला आणखी नऊ जण शोधावे लागतात. शोक करणाऱ्याला एकटे राहू द्यावयाचे नाही, हाच या नियमाचा अर्थ आहे. आणि म्हणूनच नऊ जण न मिळणे हे कोलकात्यात उरलेल्यांचे खरे दुःख आहे.