विद्यार्थिदशेतील संशोधन : भाच्यास पत्र

चरोदा,
श्रावण शुद्ध पंचमी

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोचले. यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या सत्राच्या आरंभीच तुझ्या मनात संशोधनाची इच्छा उत्पन्न व्हावी आणि ती मामाला कळवावीशी वाटावी, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु त्याच पत्राच्या उत्तरार्धात, वरच्या वर्गातील कोणा विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून, वर्षअखेरपर्यंत आपल्या नावाचा एक शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, मग विषय कोणताही असो, असा जो निश्चय तू प्रकट केला आहेस, तो वाचून आनंदात चिंताही मिसळली, आणि म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

तुमच्या प्रयोगशाळांत आजवर तू जे प्रयोग केलेस, त्या सर्वांची उत्तरे तुला अगोदरच ठाऊक होती. पोलादाचा स्थितिस्थापकतेचा गुणांक किती यावा हे पुस्तकात छापलेले असते. तो तसा आला नाही, तर सबमिशनच्या आदल्या रात्री मागल्या वर्षाचे जर्नल समोर ठेवून आकडे सरळ करून घेण्याचा जो शिरस्ता पडला आहे, त्याची बहुतेक विद्यार्थ्यांना लाजही वाटत नाही. यात विद्यार्थ्यांचाच सर्व दोष आहे असे मी म्हणत नाही. पण ज्याचे उत्तर ठरलेले आहे असेच प्रश्न ज्याला नित्य सोडवावे लागतात, त्याची दृष्टी हळूहळू उपकरणाकडून उत्तराकडे वळते, आणि समोरचा काटा काय दाखवितो यापेक्षा त्याने काय दाखवावे याचीच त्याला अधिक काळजी वाटू लागते. पदवीच्या वयात केलेल्या संशोधनाचा खरा लाभ हा, की त्यात उत्तर कोणालाच ठाऊक नसते. तेथे आकडा सरळ करावयाचा तरी कशाप्रमाणे? माझ्या मते एवढ्या एका सवयीसाठी संशोधन करावे. शोधनिबंध छापून आला तर उत्तमच. न आला तरी ती सवय जन्मभर पुरते.

आता विषयाची गोष्ट. तू पाठविलेल्या यादीत विषय मोठमोठे आहेत, आणि त्यांपैकी एकही असा नाही की ज्याचे एखादे तरी मोजमाप तू येत्या महिन्यात स्वतःच्या हाताने घेऊ शकशील. ज्या गावात तू वाढलास ते गाव तर अशा प्रश्नांनी भरलेले आहे. 1959 च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज तेथे वितळू लागले; आज तेथूनच सांधून 260 मीटर लांबीचे केलेले रूळ देशभर जातात, आणि खनिजाने, कोळशाने व पोलादाने भरलेल्या वाघिणी आपल्या चरोद्याच्या रेल्वे यार्डात उभ्या राहतात, तपासल्या जातात आणि मार्गस्थ होतात. मी नोकरीची सारी उमेदीची वर्षे या वाघिणी तपासण्यात घालविली, तेव्हा उदाहरण तेथलेच देतो. ते तू घ्यावेस असा आग्रह नाही, पण प्रश्न किती लहान असावा आणि लहान प्रश्नाच्या पोटात काय काय असते, हे त्यावरून तुला दिसेल.

वाघिणीचा ब्रेक कधीकधी जखडून राहतो, त्याला आम्ही ब्रेक बाइंडिंग म्हणतो. चाक फिरण्याऐवजी रुळावर घसरत जाते आणि त्याच्या धावेवर एक चपटा डाग पडतो. मग ते चाक फिरू लागले की प्रत्येक फेऱ्याला रुळावर एक ठोका देते, आणि फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही तो ऐकू येतो. खनिज व कोळसा वाहणाऱ्या बॉक्सएन वाघिणीचे नवे चाक 1000 मिलिमीटर व्यासाचे असते, आणि झिजून व कातून ते 906 मिलिमीटरवर आले की बाद होते. नव्या चाकाचा परीघ सुमारे 3.14 मीटर, बाद होण्याच्या बेतात असलेल्याचा 2.85 मीटर, म्हणजे गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने जात असता पहिल्याचे ठोके 0.188 सेकंदाच्या आणि दुसऱ्याचे 0.171 सेकंदाच्या अंतराने पडतील. गाडीचा वेग काढावयास अन्य उपकरणही नको, कारण वाघिणीची लांबी, कपलरपासून कपलरपर्यंत, सुमारे 10.7 मीटर असते आणि एकेक वाघीण तुझ्या समोरून जावयास लागलेला वेळ त्याच ध्वनिमुद्रणात सापडतो. तेव्हा प्रश्न असा : केवळ मोबाइलवर केलेल्या ध्वनिमुद्रणावरून चपटे पडलेल्या चाकाचा व्यास सांगता येईल काय?

हिशेब इतका सोपा वाटतो की सायंकाळपर्यंत निबंध लिहून व्हावा. पण थोडे थांबून विचार कर. गाडी तुझ्याकडे येत असता ठोक्यांमधील अंतर आकुंचित होते आणि दूर जात असता विस्तारते. हा डॉप्लर परिणाम तू शाळेतच शिकलास. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 16.7 मीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 345 मीटर. म्हणजे येताना जवळजवळ पाच टक्के कमी आणि जाताना तितकेच अधिक. नव्या आणि बाद चाकाच्या ठोक्यांत जेवढा फरक, जवळजवळ तेवढाच फरक एकाच चाकाच्या येण्याच्या आणि जाण्याच्या आवाजात! ज्याने हे ध्यानात घेतले नाही तो धडधाकट चाकाला झिजलेले ठरवील आणि झिजलेल्याला नवे. येतानाच्या आणि जातानाच्या अंतरांची सरासरी घेतली की हा दोष बराचसा निघून जातो. पण त्यासाठी तोच ठोका दोन्ही बाजूंना, चारशे चाकांच्या खडखडाटातून, ओळखून काढावा लागतो, आणि तो ओळखता येतो की नाही हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. येथे तुझे संशोधन सुरू होते. ‘ओळखता येत नाही’ असे उत्तर आले, तर तेही उत्तरच आहे; मात्र का येत नाही, किती वेगापर्यंत येत नाही, किती अंतरावरून येत नाही, याचा तपशील त्याच्याबरोबर हवा.

एक गोष्ट आज्ञा म्हणून सांगतो : ध्वनिमुद्रणासाठी रुळावर किंवा यार्डाच्या हद्दीत विनापरवाना पाऊल टाकावयाचे नाही. 1989 च्या रेल्वे कायद्याने तो अपराध आहे, आणि कायदा नसता तरी मी सांगितलेच असते, कारण यार्डात हयगय करणाऱ्या माणसाचे काय होते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. देवबलोदा-चरोदा स्थानकाचा फलाट तुझ्या कामाला पुरेसा आहे. पुढे आत जाण्याची गरज पडलीच, तर महाविद्यालयाच्या शिफारशीसह रीतसर अर्ज करावा.

काम सुरू करण्यापूर्वी या वाटेने कोण गेले आहे याची खातरजमा कर. चाकाचा रुळावर पडणारा आघात मोजणारी यंत्रणा, जिला रेल्वेत ‘वाइल्ड’ म्हणतात, काही मार्गांवर रुळालाच बसविलेली आहे. हे कळल्यावर निराश होण्याचे कारण नाही. तिचा खर्च मोठा आणि जागा ठराविक, तुझा प्रश्न वेगळा. मात्र ती आहे हे तुला ठाऊक नसताना प्राध्यापकांपुढे जाऊन बसलास, तर ते तुला पुन्हा ग्रंथालयात पाठवतील आणि ते योग्यच करतील.

तुझे वय या कामाला कोवळे आहे असे मात्र समजू नकोस. 1842 च्या मे महिन्यात व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाची आस तुटली आणि पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली. वापराने लोखंडाचा पोत आपोआप स्फटिकमय होऊन आस अकस्मात तुटते, असे त्या काळी पुष्कळ जाणते अभियंते मानीत. विल्यम रँकिन नावाच्या बाविशीतील स्कॉटिश तरुणाने तुटलेल्या आसांचे तुकडे गोळा करून त्यांचे भंग निरखले, आणि आसेच्या ज्या खांद्यावर जाडी एकदम बदलते तेथे चीर उत्पन्न होऊन ती हळूहळू आत सरकत जाते, तेव्हा तो खांदा गोलाईने उतरवावा, असे 1843 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. विद्यापीठाचा अभ्यासक्रम तो पदवी न घेताच सोडून आला होता. मोडक्या आसा अनेकांनी पाहिल्या होत्या. त्याने त्या बारकाईने पाहिल्या. पुढे व्योलर नावाच्या प्रशियन रेल्वे-अभियंत्याने वर्षानुवर्षे आसांवर प्रयोग करून धातूच्या थकव्याचे शास्त्र उभे केले, आणि चरोद्याच्या यार्डात आज आस तपासली जाते ती याच शास्त्राच्या आधारावर.

आता मार्गदर्शकाविषयी. ज्या प्राध्यापकांकडे जावयाचे त्यांचे दोन तरी निबंध वाचून जा. सर्व समजणार नाहीत, पण जे समजले नाही ते नेमके विचारता येईल इतके वाच. ‘सर, एखादा प्रोजेक्ट द्या’ असे म्हणणारे त्यांच्याकडे रोज येतात. तू एका कागदावर आपला प्रश्न, मोजमापाची रीत आणि पहिल्या महिन्याची तजवीज लिहून ने. त्यांनी प्रश्न बदलून दिला तर तो आनंदाने घे, आणि सुरुवातीला उपकरण पुसण्याचे, तारा जोडण्याचे काम मिळाले तर त्यात मानहानी मानू नकोस. उपकरण कोठे खोटे बोलते हे तारा जोडणाऱ्यालाच प्रथम कळते. त्यांनी दिलेली वेळ चुकवू नकोस. काम झाले नसेल त्या आठवड्यातही जाऊन ‘झाले नाही’ असे सांगून ये.

नोंदवहीबद्दल माझे मत कडक आहे. पाने बांधीव असावीत, तारीख रोज पडावी, हवामान, जागा, गाडीची दिशा, मोबाइल कोठे ठेवला होता, हे सर्व त्याच वेळी लिहावे, आणि चुकलेला आकडा एका रेघेने असा खोडावा की तो वाचता येईल. ही वही तुझ्यापुरती नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 2008 साली ‘स्वयम्’ या उपग्रहाचे काम हाती घेतले. एक किलोग्रॅमहूनही हलका, दहा सेंटिमीटर बाजूचा तो घन, आत बसविलेल्या चुंबकाच्या योगाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात स्वतःची दिशा राखणारा. 22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने तो अवकाशात नेला, तोवर ज्यांनी आरंभ केला ते पदव्या घेऊन केव्हाच बाहेर पडले होते. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि काम आठ वर्षांचे. मागल्या तुकडीने पुढल्या तुकडीच्या हाती कागदपत्र नीट सोपवले नसते, तर ते काम सिद्धीस जाणे शक्यच नव्हते. आपल्या मराठी मुलांनी केलेल्या या कामात मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो मधल्या वर्षांतल्या मुलांविषयी, ज्यांनी ना आरंभाचा उत्साह अनुभवला ना उड्डाणाचा दिवस विद्यार्थी म्हणून पाहिला.

पैसे भरले की आठवडाभरात निबंध छापणारी जी नियतकालिके तुला त्या वरच्या वर्गातील मित्राने सुचविली, त्यांच्या वाटेस जाऊ नकोस. जो निबंध कोणी तपासला नाही तो छापून तुझ्या ज्ञानात भर पडत नाही, आणि उद्या जाणत्या परीक्षकाच्या हाती तो पडला तर तुझ्या प्रामाणिकपणाविषयी त्याला शंका येईल. शेवटच्या वर्षी दुकानातून तयार प्रकल्प विकत आणणाऱ्यांविषयी तर मला लिहावेसेही वाटत नाही. परीक्षेच्या अभ्यासाला मात्र फाटा देऊ नकोस. संशोधनाच्या नावाखाली विषय मागे राहिले, तर ताईला काय उत्तर द्यावे हे मला सुचणार नाही. उन्हाळ्याच्या सुटीत देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करण्याची शिष्यवृत्ती देतात. तिच्या मुदतीवर लक्ष ठेव, आणि त्या अर्जात लिहिण्याजोगे खरे काम तोवर तुझ्या वहीत असू दे.

येत्या आठवड्यात प्रश्नाचा तो एक कागद लिहून काढ, प्राध्यापकांस भेट आणि त्या कागदाची एक प्रत मला पाठव. प्रश्न चाकाचा असो वा दुसरा कोणता, त्यात काय मोजणार आणि कशाने मोजणार हे पहिल्या चार ओळींत आले पाहिजे. यार्डासंबंधी परवानगी लागली, तर रेल्वेच्या रायपूर मंडळाच्या कार्यालयाकडे पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा मी करून देईन.

तुझा,
मामा