‘मावणे’, ‘शिरणे’, ‘टिकणे’ : भूगर्भीय कार्बन-संचयाच्या अंदाजाची परिभाषा

नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये नवी दिल्लीत प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारताच्या भूगर्भात सुमारे ४०० ते ६०० गिगाटन कार्बन डायऑक्साइड साठविता येईल, असा अंदाज दिला आहे. एक गिगाटन म्हणजे शंभर कोटी टन. देशाचे वार्षिक उत्सर्जन स्थूलमानाने ३ गिगाटन धरल्यास ही जागा शतकाहून अधिक काळ पुरेल, असा निष्कर्ष वाचक सहज काढील. तो कितपत ग्राह्य, हे ‘साठविता येईल’ या शब्दांत कोणती क्रिया अभिप्रेत आहे त्यावर अवलंबून आहे. म्हणून हा प्रश्न भूशास्त्राइतकाच परिभाषेचाही आहे.

मराठीत एखादी वस्तू जागेत मावते, तीत शिरते आणि तेथे टिकते, या तीन भिन्न क्रिया होत. भूशास्त्रज्ञ खडकाचे क्षेत्रफळ, जाडी, सच्छिद्रता आणि त्या खोलीवरील वायूची घनता यांचा गुणाकार करतात. खोली सामान्यतः ८०० मीटरहून अधिक घेतात. कारण ३१ अंश सेल्सिअस तापमान व वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाब यांपलीकडे हा वायू द्रवासारखा दाट होतो. येणारा आकडा ‘मावण्या’चा. परंतु खोल थरांतील छिद्रे बहुधा खाऱ्या पाण्याने भरलेली असतात. ते हटवून वायू थोड्याच भागात शिरतो. त्यासाठी लावला जाणारा गुणक पुष्कळदा शेकडा काही एककांपुरताच असतो. हा ‘शिरण्या’चा आकडा. वरचा थर अभेद्य आहे काय, भूकंपाचा संभव किती, खर्च परवडेल काय, हे पाहिल्यावर उरतो तो ‘टिकण्या’चा. सैद्धांतिक, प्रभावी व व्यवहार्य क्षमता या शास्त्रीय संज्ञा याच पायऱ्या दर्शवितात.

वरील अंदाजात खोल खाऱ्या जलस्तरांचा वाटा २९१ गिगाटन, तर बसाल्टचा ९७ ते ३१६ गिगाटन आहे. दोन टोकांमधील तफावत जवळजवळ सर्वस्वी बसाल्टची, म्हणजे मुख्यतः दख्खन ट्रॅपची आहे. या नावातील ‘ट्रॅप’ हा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. वायू अडवून धरणाऱ्या रचनेला ‘ट्रॅप’ म्हणतात तो सापळा या अर्थाने. देवनागरीत दोन्ही शब्द एकरूप दिसतात; पण पायऱ्यांचा प्रदेश आपोआप सापळा ठरत नाही.

आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवून बसाल्टमध्ये सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला. तेथे ‘शिरणे’ आणि ‘टिकणे’ जवळजवळ एक झाले. मात्र दख्खनचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्याची छिद्रे अनेक ठिकाणी झिओलाइट, कॅल्साइट यांसारख्या खनिजांनी आधीच भरली आहेत. कोयना परिसरातील रासाटीच्या वेधविवरात बसाल्टची जाडी सुमारे ९३३ मीटर आढळली. ८०० मीटरची अट लावल्यास तीतून थोडीच उरते. आइसलँडची रीत अनुसरावी, तर टनभर वायूमागे वीस टनांहून अधिक पाणी लागते, आणि हा भूभाग अवर्षणाला सरावलेला आहे. १९६७ चा कोयनेचा भूकंप व जलाशय यांचा अभ्यासकांनी दाखविलेला संबंध पाहता, खडकांतील द्रवाचा दाब वाढविणेही निर्धोक मानता येत नाही.

सारांश, ‘साठवणक्षमता’ हा एकच प्रतिशब्द तिन्ही आकड्यांना लावणे दिशाभूल करणारे ठरते. ६०० गिगाटन हा मावण्याचा आकडा आहे. तो टिकण्याचा मानून आज उत्सर्जनाला मुभा दिली, तर उरलेला वायू वातावरणातच राहील. अशा अहवालांचा मराठी अनुवाद करताना प्रत्येक आकड्यासोबत त्याचे क्रियापद देणे म्हणूनच अगत्याचे आहे.